खणाच्या पिशवीतला टायमर

लोक काश्मीरला जातात, अष्टविनायक करतात, हात सैल असला तर सिंगापूरला जाऊन येतात. मी या हिवाळ्यात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या अलीकडचं चिखलोली एवढा प्रवास करून आले. आमच्या कराडच्या बाजूला हे सांगितलं की माणसं जरा थांबतात आणि विचारतात, "लग्नकार्य होतं का कुणाचं?" नव्हतं. मी एक जुना जपानी टायमर आणायला गेले होते.

हे ऐकून ती आणखी जरा थांबतात, म्हणून आधी थोडं समजावून सांगते. मला जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांच्या जोडसामानाचा नाद आहे, आणि त्यातही जपानी नकलांचा. एके काळी जर्मन कॅमेऱ्याला तोड नव्हती आणि त्याच्या जोडसामानाच्या किमती ऐकून घाम फुटायचा. युद्धानंतर जपानातल्या लहान लहान कारखान्यांनी त्या सामानाच्या नकला करायला घेतल्या. भिंगावर ऊन पडू नये म्हणून घालायचं टोपरं, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून फोटोची चौकट बघायचा फाइंडर, उजेड मोजायचं यंत्र, चामड्याची कव्हरं. अस्सल माल जमवणारे या नकलांकडे बघून नाक मुरडतात. मुरडोत बापडे. समोर परक्या देशाची वस्तू ठेवून, ती उघडून, कानाशी धरून, तशीच दुसरी बनवणारा माणूस मला फार आवडतो. त्यातही एखाद्या कोपऱ्यात त्याला स्वतःचं काहीतरी सुचलेलं असतंच. आमचे हे या सगळ्याला मिळून "तुझं भंगार" म्हणतात आणि पाहुणे आले की कपाट मात्र अभिमानाने उघडून दाखवतात.

त्या कपाटात सेल्फ टायमर सर्वात जास्त आहेत. आगपेटीएवढी डबी असते. तिच्या टोकाला आटे पाडलेली बारीक नळी. ती कॅमेऱ्याच्या बटणात पिळून बसवायची, चावी द्यायची आणि खटका ओढायचा. डबी भुंग्यासारखी गुणगुणत राहते, तेवढ्यात फोटो काढणाऱ्याने पळत जाऊन माणसांत उभं राहायचं. गुणगुण संपली की डबी आपणच बटण दाबते. म्हणजे फोटो काढणाराही फोटोत येतो.

माझे बाबा कुठल्याच फोटोत नाहीत. मी टायमर जमवते ते त्यामुळे.

बाबा अंबरनाथला ऑर्डनन्सच्या कारखान्यात होते. आम्ही गावी: आजी, आई आणि मी. बाबा दिवाळीला यायचे, जमलं तर मे महिन्यात. फॅक्टरीचा क्वार्टर मिळाला की आम्हाला घेऊन जायचं असं ठरलेलं होतं, आणि तो क्वार्टर कधी मिळाला नाही. बाबा बाहेरच्या एका चाळीत, ज्याला सगळे लाइन म्हणत, तिथे आणखी तिघा जणांबरोबर एका खोलीत राहायचे. लाइनीतल्या लोकांनी वर्गणी काढून एक कॅमेरा घेतला होता. बाबांचा हात स्थिर, म्हणून तो बाबांकडे. पण नियम असा की कॅमेरा लाइनीच्या बाहेर न्यायचा नाही. त्यामुळे आमच्याकडे यायचे ते फोटो, कॅमेरा कधी आला नाही.

दर वर्षी एक फोटो. पाण्याच्या टाकीसमोर लाइनीतली सगळी माणसं. मागे पुरुष उभे, मधल्या रांगेत अर्ध्या बाया आणि अर्धे पुरुष, पुढे मांडी घालून पोरं. खालच्या कडेला कधी कधी फोटो काढणाऱ्याची सावली, कोपरं बाहेर काढलेली. मधल्या रांगेत, बाया जिथे संपतात तिथे, एक जागा मोकळी. आई त्या जागेवर बोट ठेवून मला सांगायची, "इथं तुझे बाबा. डबी वाजत होती, ते पळत येत होते, पोचायच्या आत फोटो निघाला." दर वर्षी बाबा पोचायच्या आत फोटो निघायचा. मी लहान होते, मला ते खरं वाटायचं, आणि बाबांनी जरा जोरात पळायला हवं असंही वाटायचं.

डबी मात्र खरी होती. एका दिवाळीला बाबा ती घेऊन आले होते. उल्हासनगरातून घेतली, जपानी आहे, म्हणाले. कॅमेरा नव्हताच, म्हणून त्यांनी ती तळहातावर ठेवून वाजवून दाखवली, मग माझ्या तळहातावर ठेवली. आईने तिच्यासाठी आपल्या लग्नातल्या खणाच्या चोळीच्या उरलेल्या तुकड्याची पिशवी शिवली. त्याच दिवाळीला आजीने फोटोतल्या एका बाईवर बोट ठेवून विचारलं, "ही कोण?" बाबांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि मी तिच्या घरी जेवतो असंही सांगितलं. आजीने फोटो पालथा ठेवला. त्यानंतर फोटो येत राहिले, पण बाबांनी कुणाचं नाव घरात घेतलं नाही.

मी शाळेत असतानाच, अशाच एका दिवाळीच्या रजेत, बाबा गावीच वारले. हृदय बंद पडलं. त्यांची ट्रंक अंबरनाथहून आली. तिच्यात डबी नव्हती.

मध्यंतरी जुन्या कॅमेऱ्यांच्या नादिष्टांच्या आमच्या फोनवरच्या गटात उल्हासनगरच्या एका दुकानदाराने विकायला काढलेल्या टायमरचा फोटो टाकला. टायमरसारखे टायमर पुष्कळ असतात. मी बघत होते ती त्याच्या खालची पिशवी. जांभळा खण, लाल काठ. आईला मी काही बोलले नाही. एका वस्तूसाठी दोन-तीन दिवस जाऊन येते एवढंच सांगितलं, आणि ती नेहमीसारखी म्हणाली, "जा बाई, पण तिथलं पाणी उकळून पी."

उल्हासनगर

उल्हासनगरात पत्ता विचारला की लोक आकडे सांगतात. कॅम्प अमुक, सेक्शन तमुक. फाळणीनंतर सिंधी लोकांच्या छावण्या इथे होत्या, तेव्हाचे आकडे अजून अंगाला चिकटून आहेत. आमच्याकडे देवळावरून, ओढ्यावरून, कुणाच्या तरी मेलेल्या म्हशीवरूनसुद्धा पत्ता सांगतात, म्हणून मी गडबडले आणि भलत्याच कॅम्पातल्या फर्निचरच्या गल्लीत जाऊन पोचले. तिथे रस्त्यावर शिसवी दिसणारे पलंग मांडले होते. बोटाने वाजवले तर आतून प्लायवूड बोललं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. नकलांवर जीव असलेल्या बाईला हे गाव परकं वाटण्याचं कारण नाही.

त्या दुकानदाराचं, गोपशेठचं, दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट होती. वर छतापर्यंत घड्याळं, रेडिओ, कॅमेरे. सत्तरीचे गृहस्थ, पांढरा झब्बा, कानात श्रवणयंत्र. शटर नुकतंच वर गेलं होतं. मी बसायच्या आत त्यांनी दाल पकवान मागवलं. डाळ आपलीच, पण वर कांदा आणि चिंचेचं पाणी, आणि पकवान म्हणजे चपातीएवढी कडक पुरी. आमच्याकडे सकाळी असं तळण खाल्लं तर घरात डॉक्टरांचा विषय निघतो. मी दोन खाल्ली.

"पहले बोहनी," गोपशेठ म्हणाले. "आप पहली ग्राहक हो, ताई. खाली हाथ नहीं जाने का."

मी म्हटलं, मी टायमर घ्यायलाच आलेय. तो त्यांनी राखून ठेवला होता, पण निळ्या मखमलीच्या चकाचक डबीत. मी डबी उघडली, बघितलं, आणि विचारलं, "पिशवी कुठाय?"

"कौनसी पिशवी?"

"खणाची. फोटोत होती ती. जांभळी."

"वो पुराना कपडा? ताई, वो फेंकने का माल है. देखो, कितना अच्छा बॉक्स दिया. एकदम नया लगता है."

माझा चेहरा बघून त्यांनी श्रवणयंत्र नीट बसवलं, जणू काही ऐकायचं राहून गेलंय. मग खाली वाकून काउंटरखाली चाचपलं आणि एक चुरगळलेला गोळा बाहेर काढला. ते त्याने भिंगं पुसत होते. "बहुत सॉफ्ट है ना," ते ओशाळून म्हणाले.

मी तो गोळा उलगडला. पिशवीच्या तोंडाला आईचा टाका होता. आई कडेवरून दोनदा फिरते, एकदा जाताना आणि एकदा येताना, त्यामुळे तिचा टाका कुठेही ओळखता येतो. माझ्या शाळेच्या दप्तराला तोच होता. मला रडू आलं, आणि गोपशेठनी पाण्याचा पेला पुढे केला.

मग मी टायमर हातात घेतला. माझ्या हातांना सवय आहे, ते आधी आट्यांवर जातात. टायमर वापरला की दर वेळी ते आटे कॅमेऱ्याच्या बटणात पिळले जातात. वरचा मुलामा घासतो आणि खालचं पितळ दिसायला लागतं. माझ्या कपाटातल्या एकूण एक टायमरचे आटे पिवळे आहेत. याचे नव्हते. नळीच्या टोकापासून मुळापर्यंत एकसारखी चंदेरी चकाकी. मी चष्मा काढून, दुकानाच्या उंबऱ्यावर उजेडात जाऊन पुन्हा बघितलं.

हा टायमर कधी कुठल्या कॅमेऱ्यावर बसलाच नव्हता.

माझ्यातल्या नादिष्ट बाईला याचा आनंद व्हायला हवा होता. अशी कोरी वस्तू हाताला लागत नाही. पण माझ्या कानात आईचं वाक्य होतं. डबी वाजत होती, ते पळत येत होते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. डबी कधी लावलीच नसेल तर बाबा पळतही नव्हते. मग लाइनीतल्या माणसांनी वर्षामागून वर्षं ती जागा कुणासाठी मोकळी ठेवली होती?

"ये आपके पास कुठून आला?" मी असं अर्धं हिंदी, अर्धं मराठी विचारलं.

"अंबरनाथवाला एक बंदा. घर शिफ्ट किया तो पुराना सामान दे गया. रुको." त्यांनी फोन लावला, सिंधीतून कुणाला तरी ओरडले, मग दुसरा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे मिलिंद नावाचा माणूस होता. मी कोण ते सांगितल्यावर तो म्हणाला, "ताई, तुम्ही जगतापभाऊंची मुलगी? अहो, ते सामान मी दिलं म्हणून आई माझ्याशी धड बोलत नाहीये. तुम्ही या. परवा रविवार आहे, माझी सुट्टी आहे. चिखलोलीला या."

बोहनीच्या नावाखाली गोपशेठनी मला एक चामड्याचं कॅमेऱ्याचं कव्हरही दिलं. जपानी कव्हर समोर ठेवून इथल्याच एका कारागिराने शिवलेलं होतं. जर्मनांची जपानी नक्कल, आणि जपान्यांची उल्हासनगरी. ते आता माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे.

अंबरनाथ

मधला एक दिवस होता. मी अंबरनाथला लाइन बघायला गेले.

अंबरनाथला लोक जातात ते शिवाच्या जुन्या देवळात. मीही गेले, पायऱ्या उतरून खाली थंडगार गाभाऱ्यात बसले. फार सुंदर आहे, आणि त्याबद्दल जाणत्यांनी लिहिलेलं आहे. माझं सगळं लक्ष मात्र पर्समध्ये आणलेल्या फोटोकडे होतं. रिक्षावाल्याला मी तो दाखवला. त्याने फोटो आडवा धरला, उभा धरला आणि म्हणाला, "टाकी तर तीच दिसतेय. बसा."

लाइनीतल्या अर्ध्या खोल्या पाडल्या होत्या, उरलेल्यांना कुलपं होती. दारांसमोर तुळशीच्या कुंड्या तशाच ठेवून माणसं गेली होती. टाकी मात्र उभी. तिच्या भिंतीवरचा पोपडा फोटोत जिथे होता तिथेच, थोडा मोठा झालेला. मी जिथून बाबांनी कॅमेरा धरला असेल ती जागा शोधत मागे मागे सरकत गेले. माझा कॅमेरा बाहेर काढून डोळ्याला लावला, आणखी एक पाऊल मागे घेतलं, आणि कुणीतरी शिट्टी वाजवली.

मी सरकत सरकत फॅक्टरीच्या कुंपणाशी पोचले होते. "ओ मॅडम, फोटो मना है. बोर्ड नाय दिसला?" पहाऱ्यावरचा माणूस चालत आला. बोर्ड दिसला नव्हता, कारण तो माझ्या पाठीमागे होता. मी कॅमेरा बॅगेत टाकला, माफी मागितली आणि त्याला फोटो दाखवला. माझे वडील इथे होते, असं सांगितलं. त्याने विचारलं, "यातले कोणते?"

"यात नाहीत. ते इथे उभे होते. तुम्ही आता उभे आहात तिथे."

तो माणूस खाली आपल्या बुटांकडे बघून दोन पावलं बाजूला झाला. "फोटो काढू नका," तो म्हणाला, "उभं राहा पाहिजे तितका वेळ."

मी उभी राहिले. दुपार कलली होती. माझी सावली टाकीच्या दिशेने लांबत गेली, आणि मी उगाचच कोपरं थोडी बाहेर काढली. बाबांची आठवण मला घरी येत नाही असं नाही, पण घरी ती दिवाळीतल्या माणसाची येते: अभ्यंगस्नान केलेल्या, चार दिवसांच्या पाहुण्याची. इथे पहिल्यांदा त्यांच्या बाकीच्या वर्षाची आठवण आली, जी मला कधी माहीतच नव्हती. टाकीवर सकाळी पाणी भरणारे बाबा, शिफ्ट सुटल्यावर या दगडावर टेकणारे बाबा. ती माणसं त्यांना रोज बघत होती आणि मला त्यांचा फार हेवा वाटला.

रात्री लॉजवरच्या वडापावाबरोबर ओल्या खोबऱ्याची नव्हे, लसणाची कोरडी चटणी दिली. मी आमच्याकडच्या चटणीची आठवण काढत ती संपवली आणि रविवारची वाट बघत बसले.

चिखलोली

चिखलोली म्हणजे अंबरनाथ संपलं आणि बदलापूर लागायचंय अशा मधल्या मोकळ्या जागेत उगवलेले मनोरे. रस्ता अर्धा काँक्रीटचा, अर्धा धुळीचा, आणि कडेला म्हशी. मिलिंद मला घ्यायला खाली आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, आनंदनगरच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत सुपरवायझर. "इथे स्टेशन होणार आहे ताई," तो लिफ्टमध्ये म्हणाला. "फ्लॅट घेतला तेव्हापासून होतंय. आई म्हणते, माझ्या आधी झालं तर बरं."

दारात त्याची आई, शांतामावशी, उभ्या होत्या. पांढरी साडी, वाकलेली पाठ, आणि मी ओळखलं. फोटोत मोकळ्या जागेच्या डाव्या हाताला दर वर्षी जी बाई उभी असायची, ती ही. आजीने बोट ठेवलेली.

"जयभीम," त्या म्हणाल्या, आणि माझे दोन्ही हात धरून मला खिडकीपाशी नेलं. "जगतापभाऊंचं नाक. काय रे मिलिंद, तेच नाक की नाय?"

मिलिंद हो म्हणाला. बाबा गेले तेव्हा तो जेमतेम चालत असणार, पण आई बोलतेय याचाच त्याला आनंद झाला होता.

भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली टीव्ही, बाजूला नातवाच्या ट्रॉफ्या. सुनेने भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. मी जेवत होते आणि मनात येत होतं की बाबा या हातचं जेवत होते, आणि आमच्या घरात त्यावरून एक फोटो पालथा पडला होता. मी ते मावशींना सांगितलंही. त्या रागावल्या नाहीत. "आमाला ठाव होतं," एवढंच म्हणाल्या. "त्या दिवाळीवरून आले तेव्हा दोन दिवस जेवायला आले नाय. तिसऱ्या दिवशी मीच ताट घेऊन गेले."

जेवण झाल्यावर मी खणाची पिशवी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी आधी मुलाकडे असं बघितलं की तो उठून गॅलरीत गेला. मग पिशवी हाताने सरळ केली. "ही माझ्या कपाटात होती. भाऊंच्या खोलीत चौघं जणं, सामान इकडं-तिकडं व्हायचं. म्हणून म्हणाले, वहिनी, हे तुमच्याकडे असू दे. ते गावाला गेले आणि तिकडंच गेले. तेव्हा मी धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी. आले तर फॅक्टरीनं ट्रंक पाठवून झालेली. तुमचा पत्ता लाइनीत कुणाकडं नाय. तवापास्नं सांभाळली, आणि ह्यानं एका दिवसात भंगारात घातली."

"मावशी," मी विचारलं, "हा टायमर बाबांनी कधी लावलाच नाही ना?"

"नाय लावला."

"का? बिघडलेला होता?"

"कशाला बिघडतोय? रोज चावी द्यायचे आणि पोरांना वाजवून दाखवायचे. पण कॅमेऱ्याला लावायचे नाय. आमी सगळे मागं लागायचो. लावा आणि या पळत. नायतर मिलिंदचे पप्पा म्हणायचे, द्या मी काढतो, तुम्ही उभे राहा. तर म्हणायचे, एकट्याचा काय काढायचा. ती येईल तेव्हा लावू. सगळ्यांचा एकदम काढू."

मी पर्समधून फोटो काढला आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "मग ही जागा?"

"तुझ्या आईची ना ती," शांतामावशी म्हणाल्या. "दर टायमाला भाऊ तिकडनं ओरडायचे, शांतावहिनी, थोडं सरका, तिची जागा ठेवा. ते स्वतः मागं कडेला उभे राहणार होते, उंच होते म्हणून."

मावशींनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि मग त्यांचं वाकडं झालेलं बोट खाली सरकलं, मांडी घालून बसलेल्या पोरांच्या रांगेत, जिथे मी आजवर कधी बघितलंच नव्हतं. दोन पोरांच्या मधे थोडी जागा होती. एका लहान मुलीला मांडी घालता येईल एवढी.

"आणि ही तुझी," त्या म्हणाल्या. "तू चालायला लागलीस तवा म्हणाले, आता कडेवर नाय बसणार ती. पुढं पण एक जागा करा."

मी रडले. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मधेच फोटोतल्या एकेकाचं नाव सांगत होत्या. हे सावंत, कोकणातले. हे गायकवाड. ही मंजू, हिचं लग्न बदलापूरला झालं. हे तिघं भाऊंच्या खोलीतले. मी लहानपणी या माणसांचा राग राग करायची, ती सगळी आमच्यासाठी अंग चोरून उभी होती.

"वाजव की एकदा," निघताना मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, "आईपुढे वाजवते पहिल्यांदा. फोनवर ऐकवीन तुम्हाला." त्यांना ते पटलं. मिलिंदला त्यांनी मला रिक्षात बसवून यायला सांगितलं, चांगलं पूर्ण वाक्य बोलून. अबोला संपला होता.

घरी

परतीच्या वाटेवर मी एकच विचार करत होते, की हे आईला सांगायचं का. ती ऐंशीच्या पुढची आहे. उभा जन्म तिने नवऱ्याला त्या जागेत बघितलं, आणि मी जाऊन सांगायचं की तिथे तो नव्हता. पण पिशवी तिच्यापासून लपवणं मला जमलं नसतं, आणि पिशवी दाखवली की बाकीचं आपोआप येतं.

ती ओसरीवर लसूण सोलत होती. मी पिशवी तिच्या हातात दिली. तिने आधी टाका बघितला, मग माझ्याकडे. टायमर काढून तळहातावर ठेवला, न विचारता चावी दिली आणि खटका ओढला. स्प्रिंग एवढ्या वर्षांची. डबी क्षणभर अडली आणि मग गुणगुणायला लागली. आई ती थांबेपर्यंत तशीच बसून राहिली, हात न हलवता.

मग मी सगळं सांगितलं. शांतामावशींचं, बाबांच्या 'सरका' म्हणून ओरडण्याचं, पुढच्या रांगेतल्या माझ्या जागेचं. फोटो तिच्या मांडीवर होता. तिचं बोट सवयीने त्या जागेवर गेलं होतं, ते तिने हळूच उचललं.

ती म्हणाली, "जागा ठेवली होती तर बोलवायचं होतं."

"क्वार्टर नव्हता ना गं मिळाला."

"क्वार्टर काय करायचाय. टाकीशेजारी चूल मांडली असती." तिने लसणाच्या साली पदरातून झटकल्या. "सासूबाईंना मी बघून घेतलं असतं. एकदा बोलवायचं होतं. मी गेले असते."

त्या संध्याकाळी ती जांभळं लुगडं नेसली आणि मला म्हणाली, लाव तो कॅमेऱ्याला. मी कॅमेरा अंगणात ट्रायपॉडवर ठेवला. अशा कोऱ्या वस्तूचे आटे कुणी पिळत नाही, आमच्या गटातल्या लोकांनी मला वाळीत टाकलं असतं. मी नळी बटणात घातली आणि पिळली. मुलामा करकरला. चावी दिली, खटका ओढला आणि पळत आईपाशी गेले. मी तिला चिकटून उभी राहणार तोच तिने मला कोपराने बाजूला सारलं. "जरा सरक," ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "त्यांची जागा ठेव."

आवाज मी फोनवर शांतामावशींना ऐकवला. आता दर रविवारी आई फोटो काढायला लावते, लुगडं बदलून. आमचे हे म्हणतात, वस्तूची किंमत उतरत चाललीय. परवा मी नळी उजेडात धरून बघितली. आट्यांवर पितळ दिसायला लागलं आहे.